दोन चमचे सारस्वतारिष्ट

बाटलीखालच्या वर्तुळाला मुंग्या लागणं थांबलं होतं.

आमच्या खोलीत खिडकीशेजारी सिमेंटची एक फळी होती. तिच्यावर सुलूची सारस्वतारिष्टाची बाटली असायची. तपकिरी काच, पांढरं झाकण. ओतताना एखादा ओघळ बाहेरून खाली यायचाच, त्यामुळे बाटली उचलली की फळीवर चिकट, गुळचट वर्तुळ दिसायचं. बारीक तांबड्या मुंग्या खिडकीच्या फटीतून निघायच्या, भिंतीच्या कडेकडेनं यायच्या आणि त्या वर्तुळाच्या बरोबर परिघावर बसायच्या. मधे एकही नाही. अभ्यासाचा कंटाळा आला की मी ते बघत बसायचे.

त्या शनिवारी दुपारी बाटली उचलली, तर खाली वर्तुळ होतं, पण फिकट आणि कोरडं. बोट फिरवलं तर चिकटलं नाही. मुंग्यांची रांग अजून खिडकीतूनच येत होती. फक्त आता ती बाटलीला वळसा घालून पुढे, माझ्या शेवबुंदीच्या डब्याकडे चालली होती. बाटली अर्धी भरलेली होती, रंग तोच होता.

झाकण उघडून वास घेतला असता, तर तिथेच कळलं असतं. मी उघडलं नाही. बाटली होती तशी ठेवली आणि सुलूची वाट बघत बसले.

हे लातूरचं, मुलींचं होस्टेल. आम्ही बारावीला होतो आणि मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला तीन महिने उरले होते. रेक्टर काकू दर रविवारी सगळ्यांच्या बॅगा तपासायच्या. मोबाईल, गोष्टींची पुस्तकं, नेलपॉलिश, सगळं जप्त व्हायचं. पण आईनं दिलेल्या औषधाला त्या हात लावत नसत. प्रत्येकीच्या आईनं काही ना काही दिलेलं असायचंच. कुणाला शंखपुष्पी, कुणाला ब्राह्मीचं तेल, कुणाला रात्री भिजवायचे बदाम. सुलूला सारस्वतारिष्ट, रोज दोन चमचे, स्मरणशक्तीसाठी.

अरिष्ट आंबवून तयार होतं, त्यामुळे त्यात थोडं मद्य आपोआप उतरतं. तसं बाटलीवर बारीक अक्षरात छापलेलंही असतं. सुलूच्या आईनं ते वाचलं नव्हतं. सुलूनं वाचलं होतं, पण उशिरा. दिवाळीनंतर झोप येईनाशी झाली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की दोनाऐवजी पाच-सहा चमचे घेतले की डोळा लागतो. मग ती अर्धी वाटी घ्यायला लागली. पोरगी सारखी नवी बाटली मागते म्हणून आई गावभर सांगायची, माझी सुलू औषध अगदी नेमानं घेते.

सुलू आली. केस ओले, हातात बादली. डावी भुवई काजळाच्या पेन्सिलीनं काढलेली. पुस्तक वाचता वाचता ती भुवईचे केस एकेक करून उपटायची, तिला स्वतःला कळायचंही नाही. तिच्या फिजिक्सच्या पुस्तकात पानांच्या मधल्या घडीत ते बारीक केस सापडायचे.

"सुलू, मुंग्या येत नाहीत," मी म्हणाले.

"काय?"

"तुझ्या बाटलीला. या आठवड्यात एक पण नाही आली."

ती हसली. "तुझं डोकं म्हणजे ना मंजे! लोकं केमिस्ट्री करायलेत, ही मुंग्यांची हजेरी घ्यायलीय."

"काय आहे त्यात?"

"औषध."

"गुळाचं नाही."

बादली खाली ठेवून ती कॉटवर बसली. टॉवेलनं केस पुसत राहिली, पुसून झाले तरी.

"रम हाय," ती म्हणाली. वर्गात विचारल्यावर उत्तर द्यावं तसं. "मीनलताईनं दिली. रंग सेम दिसतो. अरिष्टानं काहीच होईना आता. अर्धी बाटली पिली तरी झोप नाही, नुसतं मळमळतं."

"रोज घेतेस?"

"झोपायच्या आधी. आणि टेस्टच्या आधी थोडी." मग घाईनं, "जास्त नाही गं. पेपर समोर आला की डोक्यात फळा पुसल्यासारखं होतं. सगळं पाठ असतं, पण काहीच दिसत नाही. थोडी घेतली की हात तरी थरथरत नाहीत."

"उद्या आई येणारे तुझी."

"माहितीये."

"सांगणार आहेस ना?"

"सांगते की. उद्या."

हे 'उद्या' मला पाठ होतं. दर रविवारी ती आईला सांगणार असायची, की मला हे जमत नाही, मला घरी यायचंय. शनिवारी ती ते माझ्यासमोर म्हणून बघायची. रविवारी संध्याकाळी आईला एसटीत बसवून परत आली की घासलेला डबा खाली ठेवायची आणि म्हणायची, पुढच्या रविवारी नक्की.

सुलू अहमदपूरच्या पलीकडच्या एका लहान गावातली. वडिलांचं किराणा दुकान, आई अंगणवाडीत. दहावीला ती तालुक्यात पहिली आली, तेव्हा गावानं तिला जीपमधून मिरवलं होतं. तिच्या गावातून आजवर कुणी डॉक्टर झालेलं नव्हतं, आणि दुकानात येणारी माणसं तिच्या वडिलांना आत्ताच 'डॉक्टरचे पप्पा' म्हणायला लागली होती.

सध्या ती माझ्या गावाजवळच्याच एका शाळेत शिकवते. हे लिहू का, असं मी तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "लिही. फक्त आईला वाईट दाखवू नकोस. आणि मीनलताईला पण."

मीनल रिपीटर होती, तिसरा प्रयत्न. तिला बाहेर जायची परवानगी होती आणि शनिवारच्या टेस्टनंतर गच्चीवर तिचा दरबार भरायचा. आमच्या क्लासमध्ये बॅचप्रमाणे ओळखपत्राच्या फिती वेगवेगळ्या रंगाच्या असत. पहिल्या बॅचला लाल, दुसरीला निळी, तिसरीला हिरवी. टेस्टमध्ये मार्क घसरले की फीत बदलायची. ज्या मुलीची फीत खालच्या रंगाची व्हायची, तिला गच्चीवर बाटलीचं झाकण भरून रम मिळायची. त्याला 'सांत्वन' म्हणायचे. घेतलं की बाकीच्या आवाज न करता टाळ्या वाजवायच्या. नाही घेतलं तर पुढचा आठवडाभर मेसमध्ये शेजारी कुणी बसायचं नाही.

त्या दुपारी मी वर गेले. वाळत घातलेल्या चादरींच्या आड मीनल एकटीच पाय पसरून बसली होती.

"या आजीबाई!" ती म्हणाली. "लाल फितीवाल्या इकडं कुठं? सांत्वन पाहिजे का सोवळं मोडायचंय?"

"मीनलताई, सुलूला देऊ नकोस."

"मी पाजते का तिला? ती मागते." तिनं डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे पाहिलं. "माझ्याकडं येतात त्या पोरी काय मागतात, माहितीये? झोप मागतात. तुझ्याकडं असेल तर दे."

"तिनं घरी सांगायला पाहिजे."

"सांगता आलं असतं तर माझ्यापर्यंत आली असती का ती?"

मी खाली जायला वळले तेव्हा ती मागून म्हणाली, "आणि ऐक. माझी आई पण यायची रविवारी. आता फाटकापाशी डबा ठेवून जाते. मी खाली उतरतच नाही. उतरलं की 'बरीयेस ना' विचारते. 'बरीये' म्हणायचा कंटाळा आलाय मला."

रविवारी सकाळी सुलूनं हात पुढे केला आणि मी माझी लाल फीत काढून तिला दिली. ही आमच्याकडची रीतच होती. टेस्टचे मार्क क्लासच्या फळ्यावर लागायचे, घरी काही जायचं नाही. रविवारी येणाऱ्या आयांना कळायचं ते फितीच्या रंगावरूनच. म्हणून जिच्या घरचे येणार नसतील ती आपली फीत दुसरीला द्यायची. सुलूची निळीची हिरवी होऊन महिना झाला होता. तिच्या आईला ती अजून लालमध्ये आहे असंच वाटत होतं.

होस्टेलच्या पार्किंगच्या शेडमध्ये सतरंज्या अंथरलेल्या असायच्या. बारा वाजेपर्यंत शेड भरून जायची. स्टीलचे डबे, ठेच्याचा वास, 'खा की, एवढंच का' असा गलका. सुलूनं मलाही सोबत बसवलं.

तिची आई नाकाला पदर लावूनच आली. "जवळ येऊ नका गं, आठ दिवस झाले, सर्दी काय जाईना," आवाज पार बसलेला. सोबत सुलूची बहीण तेजल. नववीत, दोन वेण्या, शाळेचाच स्कर्ट. आल्या आल्या तिनं सुलूच्या गळ्यातली फीत हातात धरली.

"दीदी, लालच हाय?"

"मग काय," आई म्हणाली. "तुझ्या दीदीची लाल असणार नाही तर कुणाची?" मग सुलूचा चेहरा निरखून, "भुवया कोरल्यास व्हय गं? आताच कशाला? डॉक्टर झाल्यावर काय करायचं ते कर."

सुलूनं मान खाली घातली.

"बरी हाईस ना?"

"बरी हाय."

डबा उघडला. धपाटे, दही, शेंगांची चटणी, वेगळ्या पुडीत मला आवडतात म्हणून तळलेल्या मिरच्या. त्या माउलीनं माझी आवड लक्षात ठेवली होती. सुलू एकच धपाटा चिवडत होती. आई गावातलं सांगत होती. अमक्याच्या सुनेला दिवस गेलेत, तमक्यानं दुकानात येऊन विचारलं की ताईचा दवाखाना गावात टाकणार का अहमदपूरला. मी सुलूकडे पाहिलं. तिचे ओठ हलले. मला वाटलं, आता.

"आई," ती म्हणाली.

"काय गं?"

"दही आंबट झालंय."

"उन्हानं झालं असेल." आईनं पिशवीतून कागदात गुंडाळलेल्या दोन नव्या बाटल्या काढल्या. "हे बघ, आणल्यात. जुनी किती राहिली? तेजी, जा बरं, दीदीच्या खोलीतनं बाटली आण. खिडकीपाशी असते."

"राहू दे, मी नंतर..." सुलू अर्धवट उठली. पण तेजल पळाली होती. दीदीच्या खोलीत जायला मिळतंय याचाच तिला आनंद. थोड्या वेळानं ती बाटली छातीशी धरून जिना उतरली, सांडू नये म्हणून एकेक पायरी बघत.

आईनं बाटली उजेडात धरली. "अर्धी? आतापर्यंत संपायला पाहिजे होती. नेम मोडला व्हय?"

"अभ्यासात राहून जातं."

"राहून कसं जातं? एवढ्या लांबनं आणायची ती कशापायी?" तिनं डब्यातला चमचा पाण्यानं धुतला, पदराला पुसला आणि भरला. "आ कर."

सुलूनं तोंड उघडलं. एक चमचा, दुसरा चमचा. चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. ते बघताना मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. आदल्या दिवशी तिनं सांगितलं तेव्हाही वाटली नव्हती तेवढी.

"मंजूबाळा, तू बी घे. तुझी आई आलेली नाही आज. मी काय वेगळी हाय का?"

चमचा माझ्या तोंडाशी आला. त्या वेळी मी नको म्हणाले असते तर तिनं आग्रह केला असता, कारण विचारलं असतं. सुलू माझ्याकडे बघत होती. मी गिळला. जिभेपासून पोटापर्यंत एक जळती रेघ उतरत गेली. मी शाळेत स्पिरिटचा दिवा शेकडो वेळा पेटवला होता, पण दारूची चव आयुष्यात पहिल्यांदाच घेतली, ती एका आईच्या हातून. डोळ्यांत पाणी आलं.

"कडू लागलं?" ती हसून म्हणाली. "आमच्या सुलूला बी आधी असंच व्हायचं. आता बघ, पाण्यासारखं घेते."

"मला पण," तेजल म्हणाली.

"तुला तर पाहिजेच. हिला बी सवय लावायलेय आतापासनं," आई मला सांगू लागली. "घरी एक बाटली हिची वेगळी ठेवलीय. पुढच्या वर्षी दहावी, मग हिला बी इथंच. काकूंशी बोलून ठेवलंय मी. दीदीचीच खोली देते म्हणाल्यात."

तेजलनं डोळे मिटून तोंड उघडलं. देवळात तीर्थ घेताना करतात तशी एका हाताखाली दुसरा हात धरून ओंजळही केली. चमचा भरला. मी हात पुढे केला होता, काय करणार होते ते मलाही माहीत नव्हतं. पण त्याआधीच सुलूनं आईचं मनगट धरलं. चमचा कलंडला, सतरंजीवर सांडला.

"अगं! येडी झालीस का?"

"तिला देऊ नको."

"का म्हणून? तुझ्या वाटचं कमी पडायलंय का? नवीन दोन आणल्यात की."

"त्यात औषध नाही, आई. दारू हाय."

शेजारच्या सतरंजीवर कुणाची तरी आजी मोठ्यानं हसत होती. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

"काहीतरी बोलू नको," आई म्हणाली. "मी माझ्या हातानं आणलेली बाटली हाय ही." तिनं बाटली नाकाशी नेली. सर्दीनं तिला काही कळलं नाही. मग रिकाम्या चमच्याला जिभेचं टोक लावलं. कपाळ एकदम आक्रसलं. तिनं आधी सुलूकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू पिलीस की आत्ता," ती मला म्हणाली. "काहीच बोलली नाहीस."

"हो, काकू."

तिनं भराभर झाकण लावलं. चार वेळा घट्ट पिळलं. बाटली पिशवीत तळाशी घातली, तिच्यावर मागच्या रविवारचा रिकामा डबा, त्याच्यावर टॉवेल. रेक्टर काकू शेडच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी वडिलांशी बोलत होत्या. सुलूची आई त्यांच्याकडे बघत अगदी खालच्या आवाजात बोलू लागली.

"कुणी दिली ते मी विचारत नाही. कुणाला दिसली नाही ना? ही मी घेऊन जाते, ओढ्यात ओतते. तुझ्या पप्पाला सांगणार नाही. नवीन बाटली फोडू आपण. झालं ते झालं. तीन महिने राहिलेत, माय. एवढे तीन महिने काढ. एवढं सगळं केलंस, आता कडेला आलीस की."

तिचा हात सुलूच्या गुडघ्यावर होता आणि तो थरथरत होता. सुलू त्या हाताकडे बघत होती. तिचे स्वतःचे हात मांडीवर स्थिर होते.

तेजल अजून ओंजळ धरूनच बसली होती. "दीदी," ती म्हणाली, "तू रोज घेतेस?"

सुलूनं तिच्याकडे पाहिलं. मग तिनं गळ्यातून लाल फीत काढली. फीत वेणीत अडकली, ती तिनं सावकाश सोडवली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"ही मंजूची हाय," ती म्हणाली. "माझी हिरवी हाय. महिना झाला."

आईचं तोंड उघडं राहिलं. फितीबद्दल काही विचारायला उघडलं असावं. पण तिची नजर सुलूच्या डाव्या भुवईवर गेली. ऊन आणि घामानं काजळ पसरलं होतं आणि खालची मोकळी कातडी दिसत होती. तिनं पदराचं टोक ओलं केलं आणि ते काजळ पुसलं. सगळं पुसेपर्यंत ती पुसत राहिली. भुवई कोरलेली नव्हती. भुवई नव्हतीच.

"सुलू," ती म्हणाली. बसलेला आवाज आणखी बसला होता. "तू बरी हाईस ना?"

दर रविवारी विचारायची तोच प्रश्न. पण या वेळी विचारून ती थांबली. डबा आवरला नाही, पिशवी उचलली नाही, उत्तराची वाट बघत राहिली.

"नाही, आई," सुलू म्हणाली. "मी बरी नाही. दिवाळीपासनं नाही. मला डॉक्टरला दाखव. ही परीक्षा मी देणार नाही, आणि तेजीला इथं पाठवायचं नाही. मी आज तुमच्यासंगं घरी येणार."